चिंचोक्यांच्या तीन ओळी

मधल्या सुट्टीतली खिचडी पोटात जड झालीय. निकालपत्रकावर गाल टेकतो, पोरांचा गलका लांब लांब जातो, आणि समोरच्या खुर्चीवर धायगुडे बाई बसलेल्या असतात. त्यांच्या तेराव्याचे दोन लाडू मी स्वतः खाल्लेत. बाई गेल्या याबद्दल मला शंका नाही.

"हेडसर, रोशनीपुढे काय लिहिताय?"

"अप्रगत. तिसरीत आलीय, चाराचा पाढा म्हणत नाही."

"बोलताना अडखळते ती. म्हणणार कशी?"

"पाढा म्हणायचाच असतो बाई. माझ्या बापानं म्हटला, आज्यानं म्हटला."

"आणि तिघांपैकी कळला कुणाला?"

जिवंतपणीही शेवटचा शब्द बाईंचाच असायचा. मी हसतो. टेबल ओलं लागतं. आम्ही शाळेमागच्या विहिरीच्या पायऱ्यांवर बसलोय. पायरी-पायरीवर माझा वर्ग पाढे म्हणतोय. तोंडं हलतात, आवाज नाही. सगळ्यांत खाली रोशनी, तोंड मिटून, चिंचोके ओळीनं मांडतेय. पाणी तिच्या कमरेला लागलंय.

"पाढे मांडायची माझी चिंचोक्यांची पिशवी कुठाय?"

"कपाटात, कुलपात. तपासणीला साहेब आले, म्हणाले, वर्गात हा काय खेळ!"

"साहेब म्हणाले?"

इथे खोटं टिकत नाही. "मी म्हणालो. साहेबांना आवडलं होतं. तुमचं नाव विचारत होते."

"हां. ते खुपलं होय!"

पाणी पोरीच्या गळ्याशी येतं. ती मांडतेच आहे.

"बाई, तिला वर घ्या!"

"माझा हात पोचत नाही आता. तुमचा पोचतो. गाल करा इकडे."

गार बोटांनी त्या माझ्या गालावर एकेक चिंचोका दाबत जातात. ओरडायला जातो, तर मीच अडखळतो.

डोळे उघडतात. टेबलापलीकडे रोशनी पाटी घेऊन उभी आहे, माझ्या गालाकडे टक लावून.

"काय गं?"

ती बोलत नाही. एकेक मोजतही नाही. बोट हवेत एकदा आडवं फिरवते, एकदा उभं. मग पाटीवर लिहिते: ४ × ३ = १२.

गालाखालचं निकालपत्रक गुळगुळीत. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात. ती काढून मी पोरीच्या हातावर ठेवतो आणि गालावरून बोटं फिरवतो.

चार-चार खळगे, तीन ओळी. अजून गार.