शेरा कोण घेणार?

गाडीत चढण्याआधी दादा खिशातलं लायसन्स काढायचे, शेवटची पानं उघडून माझ्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "बघा भाऊसाहेब, कोरा हाय." वीस वर्षं ट्रक चालवूनही त्या पुस्तकात कोर्टाचा एकही शेरा नव्हता. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अभिमान बाळगायला त्यांच्याकडे एवढंसंच असतं, पण त्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी भिवंडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून होतो. कापडाच्या गाठी चढल्या की वजनाची चिठ्ठी मी लिहायची, शेठनी सही करायची. दादा शेलार गावचे, आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर. शेठ गाडीत कायद्यापेक्षा जास्त माल कोंबायचे. पकडली गेली तर दंड ते भरत, शेरा मात्र ड्रायव्हरच्या लायसन्सवर. दोन-तीन शेरे झाले की लायसन्स काही महिने बंद, आणि मग शेठ ओळखही देत नसत. आमचे दोघे ड्रायव्हर तसेच घरी बसले होते.

एकदा दादांनी "गाठी जास्त हायत, उतरवा" म्हणून सांगितलं. शेठनी ऐकलं नाही, गाडी तशीच न्यायला लावली. कशेळीला पोलिसांनी गाडी अडवली, लायसन्स ठेवून घेतलं, हातात पावती दिली.

"कोर्टात गुन्हा कबूल करून टाका," शेठ म्हणाले. "दंड मी भरतो."

"दंड तुमी भराल, शेरा कोन घेनार? माल तुमचा, हुकूम तुमचा, नि डाग माज्या पुस्तकात? न्हाय जमनार."

शेठनी त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं.

संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले. "त्या चिठ्ठीची नक्कल द्याल?"

"दादा, माझी नोकरी जाईल."

"माजी तर गेलीच," ते हसले. "तुमची जावी असं मी न्हाय म्हनत."

पुन्हा मागितली नाही. बाकावर बसून शांतपणे चहा प्याले. मला माझीच लाज वाटली. निघताना मी त्यांच्या हातात घडी केलेलं वर्तमानपत्र दिलं. आत चिठ्ठीची कार्बन कॉपी होती.

कोर्टात पाच तारखा पडल्या. वकील नव्हता. प्रत्येक वेळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते एकटेच उभे राहिले.

"गुन्हा कबूल आहे?" मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं.

"गाडी मी चालवली, ते कबूल. माल मी न्हाय भरला. भरनाऱ्याची सही ही बघा."

दंड त्यांना झाला, पण लायसन्सवर शेरा पडला नाही. समन्स शेठच्या नावे निघालं. नक्कल कुणी दिली ते दादांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

मग शेठनी निरोप धाडून त्यांना पुन्हा कामावर बोलावलं. दादा दारातच थांबले. "आधी काट्यावर वजन, मग गाडी. हाय कबूल?" शेठ हिशेबाच्या वहीत बघू लागले. दादा वळले आणि चालू लागले. पुढे गावातल्या एकाच्या टेम्पोवर भाजी वाहायचे.

काही वर्षांनी दादा वारले. आमचे तीन ड्रायव्हर अंत्यविधीला शेलारला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेल्या ट्रकपुढे तिघेही हाताची घडी घालून उभे राहिले.

"गाठी उतरवा."

शेठ ओरडले, शिव्या घातल्या. तिघे हलले नाहीत. शेवटी ते माझ्यावर खेकसले, "वजन किती झालंय रे?"

मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं खरं वजन वाचून दाखवलं. कुणीही न सांगता हमाल गाठी उतरवायला ट्रकवर चढले.