मिरच्यांचा ठसका

बोरगावच्या चौकात आमच्या अण्णाचा फोटो लावलाय. युद्धात विमान उडवणारा माझा थोरला भाऊ! तो फोटो बघून आजही माझं डोकं फिरतं.

अण्णा लढाईवर होता तेव्हा आई रोज त्याच्या फोटोवरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. तंबाखू खुडून माझी कंबर मोडायची, पण माझी दृष्ट काढायचं तिला कधी सुचलं नाही.

एकदा मिरच्या जळल्या, तरी कुणालाच ठसका लागला नाही. म्हणजे दृष्ट जबर, असं आमच्याकडं मानतात.

"माझ्या लेकाचं बघून कुणाचं एवढं पोट दुखतंय रं?" आईनं मलाच विचारलं.

मग तिनं भावकीतल्या एकेकाचं नाव घेतलं. शेजारीच चूल फुंकत बसलेल्या माझ्यावर तिला संशयसुद्धा आला नाही. तेवढ्याही लायकीचा मी तिला वाटलो नाही.