तुंबलेल्या ई-मेलची चौकशी

ती घटना आठवली की आजही आधी मला माझंच हसू येतं आणि मग त्या मुलीचं कौतुक वाटतं. क्रम नेहमी हाच.

मी तेव्हा परळ भागातल्या एका पोलीस ठाण्याची वरिष्ठ निरीक्षक होते. सायबर गुन्ह्यांचं एक छोटंसं प्रशिक्षण नुकतंच उरकून आले होते, त्यामुळे जगातल्या प्रत्येक संगणकामागे एक गुन्हेगार बसलाय अशी माझी खात्री होती. प्रमाणपत्र केबिनमध्ये टांगलं होतं, समोरच्याला मान वर न करता दिसेल अशा उंचीवर. तेव्हाची ती निरीक्षकबाई आज मला भेटली तर तिला चहा पाजीन आणि म्हणेन, जरा दमानं घे गं.

सकाळची हजेरी चालू असताना एक निनावी फोन आला. आवाज वयस्कर, शब्द मोजूनमापून. म्हणाला, "जवळच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये घातपात चाललाय. तिथली संगणकवाली मुलगी सर्व्हरच्या खोलीत दार लावून बसते आणि रिपोर्टच्या ई-मेल अडवते."

"आपलं नाव?"

"नाव नको. पण बाई, ही खबर मिळाल्याची पोच मिळेल का?"

"नावाशिवाय पोच कोणाच्या हातात देऊ?"

पलीकडून फोन ठेवला गेला. मी स्टेशन डायरीत नोंद करायला सांगितली. हवालदार मात्र दिवसभर येईल त्याला विचारत होते, "चहा मिळाल्याची पोच?"

दुपारी त्याच लॅबचे व्यवस्थापक लेखी तक्रार घेऊन हजर. सर्व्हर म्हणजे ज्या यंत्रातून लॅबच्या सगळ्या ई-मेल येतात आणि जातात ते. महिना-दोन महिने ते दिवसभर रखडायचं. सकाळी पाठवलेला रिपोर्ट डॉक्टरला संध्याकाळी मिळे, ऑपरेशनं खोळंबत. व्यवस्थापकांनी यंत्राची मेमरी वाढवली, इंटरनेट बदललं, रोज ते बंद करून चालू केलं. ढिम्म फरक नाही. त्या मुलीला नोकरीत कायम केलं नव्हतं, म्हणून ती सूड घेतेय असा त्यांचा हिशेब. तिचा पासवर्ड त्यांनी काढून घेतला होता आणि आता गुन्हा दाखल करा म्हणत होते.

मी तिला बोलावून घेतलं. लालबागची, पंचविशीची. सोबत आई आली होती. बाहेरच्या बाकावरून माऊलीनं लेकीची बाजू घेत मालवणीत मला ऐकवलंच, "बाईनू, माझ्या चेडवान कायएक केल्यान नाय!"

गुन्हा दाखल झाला असता तर त्या मुलीच्या हातात पुन्हा कोणी सर्व्हरची किल्ली दिली नसती, हे तिलाही कळत होतं. तरी उत्तरं सरळ येत होती.

"दार लावून काय करत होतीस?" मी आवाज चढवला. तेव्हा मला वाटे, आवाज चढवला की सत्य घाबरून बाहेर येतं.

"मोजत होते, मॅडम. हळू आहे म्हणजे कोणासाठी, कुठे? येताना की जाताना? यंत्र दमलंय, डिस्क भरलीय, की बाहेरची लाइन बारीक आहे? एकेक तपासून बाजूला काढायचं. डिस्क आणि लाइन मी सोडून दिली होती. तेवढ्यात पासवर्ड गेला."

"सोडून दिली म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्यावर संशय नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सरांनी मेमरी, इंटरनेट सगळं एकदम बदललं. आता कशानं काय झालं ते कळणार कसं? तुम्ही सगळ्या संशयितांना एकाच खोलीत बसवून विचारता का?"

हवालदारांनी खिडकीबाहेर बघितलं. हसताना ते नेहमी खिडकीबाहेर बघत.

मी आवाज उतरवला. "बरं, कधी हळू नसतं?"

"रविवारी. सुट्टीच्या दिवशी. आणि मागच्या महिन्यात एका दुपारी अचानक सगळं मोकळं झालं. त्याच्या आधीच्या महिन्यातही एकदा, दुपारनंतरच. तारखा आहेत माझ्या लक्षात, पण अर्थ लागत नाही." तिनं तारखा सांगितल्या.

तारखा ऐकून माझी नजर भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे नाही, स्वतःच्या पोटाकडे गेली. त्या दोन्ही दिवशी मी साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती. दोन्ही दिवशी संकष्टी होती.

"तुमच्याकडे संकष्टीला लवकर कोण जातं गं?"

"आवक-जावकचे काका. दर संकष्टीला हाफ डे, देवळात जातात. पण काका..."

पुढचं मी ऐकलंच नाही. मला सूत्रधार सापडला होता! टोपी चढवली, हवालदार आणि मुलगी जीपमध्ये, चला. बेड्या घेऊ का, असंही मी हवालदारांना विचारलं होतं. ते वाक्य त्यांनी माझ्या निरोप समारंभात जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

लॅबमध्ये दोन पंच उभे केले आणि त्यांच्या देखत व्यवस्थापकांना मुलीचा पासवर्ड परत द्यायला लावला. काका जागेवर होते. सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन इथे आलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेले, टेबलावर शिक्के ओळीत. मी सरळ त्यांच्या संगणकाकडे निघाले, तशी मुलगी आडवी आली.

"हात नका लावू, मॅडम. आधी बघू."

तिनं सर्व्हरमधली तुंबलेली रांग पडद्यावर आणली. रांगेत निघण्याची वाट पाहणाऱ्या हजारो ई-मेल, आणि जवळपास सगळ्या दोनच पत्त्यांमधल्या: काकांचं टेबल आणि लॅबचं दादरचं केंद्र.

काका शांतपणे म्हणाले, "त्या पोच आहेत. आलेल्या प्रत्येक पत्राची पोच गेलीच पाहिजे. मी संगणकाला तसं शिकवून ठेवलंय. दादरला माझे जुने सहकारी आहेत, त्यांनाही शिकवलं."

झालं होतं ते असं. काकांच्या पत्राला दादरहून आपोआप पोच येई. त्या पोचेला काकांचा संगणक पोच देई. मग दादर त्या पोचेला. प्रत्येक पोचेला आधीचा सगळा मजकूर जोडलेला, म्हणजे प्रत्येक पोच आधीच्यापेक्षा जाड. दोघांपैकी एकाचा संगणक बंद झाला की खेळ थांबे, म्हणून रविवार आणि काकांची संकष्टीची दुपार मोकळी.

"पण काका, एवढ्या पोच तुम्हाला दिसल्या नाहीत?"

"त्या आपोआप वेगळ्या कप्प्यात जातात. पोच वाचायची नसते बाई, ठेवायची असते."

आवाज ओळखीचा वाटला. तो निनावी फोनवाला माझ्यासमोर बसला होता! ते मी माझ्यापाशीच ठेवलं. लॅबचं काम अडतंय या काळजीनंच त्यांनी फोन केला होता, आणि काम अडवत होते तेच.

मुलीनं फक्त काकांची आपोआप पोच बंद केली. रांग ओसरू लागली. मी टाळी वाजवायच्या बेतात होते, तर तिनं ती पुन्हा चालू केली.

"अगं, काय करतेस?"

"थांबवल्यावर थांबलं, मॅडम. चालू केल्यावर परत होतं का, ते बघायला नको?"

रांग पुन्हा फुगली. तेव्हा कुठे तिनं मान डोलावली आणि ती कायमची बंद केली. आम्ही पहिल्या कबुलीलाच कागद गुंडाळणारी माणसं. स्वतःची नोकरी टांगणीला असताना निसटायची घाई न करणारी संशयित मी उभ्या नोकरीत दुसरी पाहिली नाही.

मग ती काकांशेजारी स्टूल ओढून बसली. "काका, पत्र पोचल्याची नोंद सर्व्हर स्वतःच ठेवतो. हे बघा. तुमचंच काम करतो तो, फक्त बोलत नाही." काकांनी चष्मा पुसून नीट बघितलं. एवढ्या हळुवारपणे आरोपीची समजूत काढताना मी कोणालाही पाहिलेलं नाही, मला तर कधीच जमलं नाही.

व्यवस्थापकांनी तक्रार मागे घेतली, तोंडी माफीही मागितली. मुलगी मात्र जागची हलली नाही.

"मॅडम, माझ्यावर काही नाही, हे लेखी मिळेल? आईला दाखवायचंय."

आणि मला काकांची पोच एकदम कळली. माणसाला ती लागतेच. नुसतं कळलंय म्हणून भागत नाही.

व्यवस्थापकांनी मजकूर सांगितला आणि काकांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून काढला. शेवटी 'या कर्मचाऱ्यामुळेच दोष सापडला' हे वाक्य काकांनी मनानंच घातलं आणि व्यवस्थापकांसमोर सहीला ठेवलं. सही झाली. पुढे ती नोकरीत कायमही झाली.

त्यानंतरच्या प्रत्येक तपासात मी 'हे कधी घडत नाही?' हा प्रश्न आधी विचारत गेले. आवाज मात्र पुन्हा चढवावा लागला नाही.

त्या दिवशी लॅबमधून निघताना मी एका कागदावर 'आपली खबर मिळाली' एवढंच लिहिलं, ठाण्याचा शिक्का जवळ नव्हता म्हणून सही केली, आणि काकांच्या टेबलावर ठेवलं. ते कानापर्यंत लाल झाले. मग शिक्का उचलला, त्यावर 'आवक' असा ठसा मारला आणि कागद फायलीला लावला.