छायाचित्रातला परकर

डिंकात कालवलेल्या पांढऱ्या रंगाला एक थंड, किंचित आंबूस वास असतो. आमच्या दोन खोल्यांत संध्याकाळ व्हायची ती त्या वासाने. आण्णा, म्हणजे माझे वडील, दिवसभर एका स्टुडिओत बसत आणि संध्याकाळी घरी एका दैनिकासाठी छायाचित्रे रंगवीत. त्या काळी छपाईचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, करण्याआधी मूळ छायाचित्रावर बारीक कुंचल्याने हात फिरवावा लागे. नाहीतर कागदावर माणसाचे नाक आणि मागची भिंत एक होऊन जाई. बहुतेक छायाचित्रे पैलवानांची असत, लंगोटातल्या. आण्णा कुंचल्याचे टोक ओठांत ओले करीत आणि त्यांच्या मांड्यांवर प्रकाश चढवीत. अंगावरचं तेल दिसलं पाहिजे, असे म्हणत. आणि ते खरोखरच दिसे.

सत्तरच्या दशकात मी खो-खो खेळत असे. आईचा माझ्या खेळाला विरोध नव्हता. तिचा त्यावर विश्वासच नव्हता. पुण्याच्या सराव शिबिरासाठी माझी निवड झाली तेव्हा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "खेळ म्हंजे पेपरात येतो त्यो. पोरींचं कवा आलंय? छापून येऊ दे, मग बघू." माझे सगळे पुणे त्या एका वाक्यावर अडकून राहिले.

जिल्हा स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या दिवशी आण्णांच्या दैनिकाचे छायाचित्रकार मैदानावर आले. ते आमच्या शेजारच्या गल्लीतले. सगळ्या मुली त्यांना चाचा म्हणत. खरे तर ते मुलांचा सामना टिपायला आले होते. तो सुरू व्हायला वेळ होता म्हणून आमच्याकडे वळले.

समोरची मुलगी खांबाला वळसा घालून निसटत होती. मी सूर मारला. हवेत असताना कानांत केवळ स्वतःचा श्वास असतो. मग तळव्याला खांबाचे गुळगुळीत लाकूड लागले, बोटांना तिची घामेजलेली पाठ, आणि हाफ पँटीखालचा माझा उघडा गुडघा तांबड्या मातीवर खरवडत गेला. शिट्टी वाजली तेव्हा जिभेवर माती होती आणि रक्ताची लोखंडी चव. आम्ही जिंकलो होतो. चाचा कॅमेरा छातीशी धरून आले. "बेटा, दोन्ही पाय हवेत घावल्यात," ते म्हणाले. "उद्या बघ."

गुडघा आईच्या नजरेस पडला असता तर शिबिराचे नावही काढता आले नसते. म्हणून घरी येताच मी हिरवा परकर नेसले, घोट्यापर्यंत नीट ओढून घेतला आणि आण्णांच्या टेबलासमोर जाऊन बसले. त्यांनी समोरच्या छायाचित्रावर डावा हात मला दिसू नये असा आडवा ठेवला होता. काम करता करता दोनतीनदा मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, कौतुकाने.

सकाळी मी पेपर उघडला. वर निम्म्या पानात एक पैलवान लंगोट लावून उभा होता. त्याचे गाव, त्याचे वस्ताद, त्याच्या खुराकातले दूध आणि बदाम, सगळे तपशीलवार दिले होते. खाली कोपऱ्यात मी. हात खांबाकडे झेपावलेले, देह जमिनीला समांतर, आणि कमरेपासून घोट्यापर्यंत परकर. मी आडवी उडत होते आणि परकराच्या चुण्या मात्र उभ्या बाईच्या असाव्यात तशा शांत, शिस्तीत. खाली ओळ होती: विजयी संघातील एक कन्या.

मी वाकून स्वतःच्या पायांकडे पाहिले. ते जागेवर होते.

मग परकराचा काठ दिसला. त्यावर दोन समांतर रेघा होत्या. तो माझाच परकर होता, आदल्या संध्याकाळी नेसलेला. कौतुकाच्या त्या नजरेने माझ्या काठाच्या रेघा टिपून घेतल्या होत्या. माझ्या तळव्यांना घाम फुटला, कागद बोटांना चिकटला आणि शाई उतरली.

शेजारच्या मावशी पेपर पाहायला आल्या. "परकर नेसून पळत्यात व्हय गं पोरी? पाय न्हाय अडकत?"

"अडकला न्हाय म्हणूनच जिकली की," आई म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळलेला मी क्वचितच पाहिला होता. मग माझ्याकडे वळून तिने सांगितले की असं नीटनेटकं छापत असतील तर पुण्याला जायला काही हरकत नाही. ज्या वाक्यासाठी मी इतके दिवस कान लावून होते ते असे आले.

संध्याकाळी पुन्हा तो वास. आण्णांपुढे नवा पैलवान होता. मी परकराचे विचारले तेव्हा त्यांनी मान न वळवता सांगितले की कार्यालयातून निरोप होता, पाय झाका, नाहीतर चित्र वगळा. मी विचारले, पैलवानाला धोतर नेसवा असा निरोप कधी आला होता का. त्यांचा कुंचला मांडीवरच्या प्रकाशात थांबला.

ब्लॉक करून परत आलेले माझे छायाचित्र टेबलाच्या कडेला पडले होते. मी कापूस पाण्यात बुडवला आणि परकरावरून फिरवला. त्यांनी अडवले नाही. रंग सहज सुटत गेला. करडे पाणी माझ्या मनगटावरून ओघळले, काठाच्या रेघा विरल्या, पोटऱ्या आल्या, मांडी आली, आणि शेवटी मातीला टेकू पाहणारा तो गुडघा. तसाच, चाचांनी टिपला तसा.

आण्णांनी भिंग उचलले. बराच वेळ ते छायाचित्रावर वाकून होते. मग भिंग तसेच हातात ठेवून ते वळले आणि माझ्या परकराकडे, गुडघा असतो त्या जागेकडे पाहू लागले. मी परकर वर उचलला. जखमेवर काळसर खपली धरली होती, कडेला अजून ओली. ज्या हाताने मला झाकले होते तो हात पुढे आला आणि गुडघ्यापासून बोटभर अंतरावर थबकला.

"दुखतंय?"