तूप लावलेली पन्हळ

दिगंबर आठल्ये पाण्यावर पोट भरायचा, पण त्यापायी त्याचा हात कधी ओला झाला नव्हता. अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या एका फर्ममध्ये बसून तो नव्या वसाहतींच्या पावसाळी गटारांची गणितं करायचा. किती पाऊस पडला तर किती रुंद पाइप लागेल, त्याला उतार किती द्यायचा, वगैरे. पाइप पुरणारे वेगळे, त्यावर डांबर ओतणारे वेगळे, आणि खरोखरच पाऊस आला की दिगंबर खिडकीपासून सर्वांत लांबच्या टेबलावर पुढच्या वसाहतीचा पाइप काढत बसलेला असायचा. आपण काढलेल्या उतारावरून पाणी वाहताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याबद्दल त्याला कधी वाईटही वाटलं नव्हतं. ८६ सालच्या उन्हाळ्यात सासरे आले आणि ते वाटायला लागलं.

सासरे, म्हणजे अण्णा, वाईच्या कोर्टात नाझर होते. जप्तीचा आणि गुन्ह्यातला मुद्देमाल सांभाळण्यात त्यांची नोकरी गेली. चोरीची सायकल असो नाहीतर खुनातली कुऱ्हाड, वस्तू डोळ्यांसमोर असल्याशिवाय ते कशावर विश्वास ठेवत नसत. सहा महिन्यांच्या मुक्कामातल्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी चहा पिता पिता विचारलं, "जावईबापू, तुम्ही इथे नक्की काय बांधता?"

दिगंबरने मोठ्या उत्साहात त्यांना गाडीत घातलं आणि एका शॉपिंग सेंटरच्या पार्किंग लॉटमध्ये नेलं. तिथल्या कोपऱ्यात जमिनीत बसवलेली एक लोखंडी जाळी दाखवली. अण्णा हात मागे बांधून वाकले आणि बराच वेळ जाळीत बघत राहिले.

"आत काय आहे?"

"पाइप. माझ्या डिझाइनचा."

"दिसत नाही."

"दिसत नाही, पण आहे अण्णा."

"देवाबद्दलही असंच सांगतात," असं म्हणून अण्णा गाडीत जाऊन बसले.

घरी आल्यावर त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही, आणि हेच वाईट होतं. त्यांनी केस पुराव्याअभावी निकालात काढली होती. सुमेधाने, म्हणजे दिगंबरच्या बायकोने, नवऱ्याची समजूत घातली. "अहो, अण्णांचं काय मनावर घेता. त्यांनी माझं ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेटसुद्धा उजेडात धरून बघितलं होतं." पण दिगंबरने मनावर घेतलं ते घेतलंच.

त्यात भर पडली प्रतापची. डॉक्टर प्रताप देशकर मूळचा नागपूरचा. लोकांना भूल देणं हा त्याचा धंदा, आणि जाग्या माणसाला छळणं हा त्याचा छंद. मंडळाच्या गणपतीत त्याने खिशातून एक काचेची बारीक कुपी काढली. तिच्या तळाशी पिवळे कण चमकत होते. व्हर्जिनियात सोनं सापडतं, हे तिथे जमलेल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या आधीपासून इथे सोन्याच्या खाणी होत्या, गोल्डव्हेन नावाचं गावच आहे, तिथल्या एका शेतकऱ्याच्या ओढ्यात शनिवार-रविवारी आपण सोनं गाळतो, असं प्रताप सांगत होता. त्यासाठी त्याने कॅटलॉगमधून स्लूस मागवला होता. स्लूस म्हणजे अॅल्युमिनियमचं एक उथळ, लांबट, दोन्ही टोकांना उघडं खोकं. ते ओढ्यात तिरकं ठेवायचं आणि वरच्या टोकाला रेती घालायची. पाणी रेती वाहून नेतं. आत आडव्या पट्ट्या आणि त्यांच्याखाली गालिचाचा तुकडा असतो, त्यात जड सोनं अडकून बसतं.

अण्णांनी कुपी हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, "वा. ह्याला म्हणतात काम."

दिगंबरच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "एवढ्यासाठी विकत काय घ्यायचं? ते तर नुसतं गटार आहे. मी घरी बांधतो. दसऱ्याला माझ्या यंत्राचं सोनं अण्णांच्या हातावर ठेवीन."

"काहून रे दिगू," प्रताप म्हणाला, "आपट्याची पानं संपली का अमेरिकेत?"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी तारीख लक्षात ठेवल्यासारखी मान हलवली.

त्यानंतर दिगंबरच्या गॅरेजमध्ये जे झालं, त्याला कोणी बांधकाम म्हणेल की नाही, शंका आहे. गणितं मात्र उत्तम झाली. प्लायवूडची फळी, तिच्या दोन्ही बाजूंना कडा, लाकडी आडव्या पट्ट्या आणि त्यांच्याखाली गालिचाचा तुकडा, असा सरळ मामला. दिगंबरने त्याची तीन बाजूंनी चित्रं काढली आणि मग करवत विकत घ्यायला गेला. पहिली पट्टी आखूड कापली गेली. दुसरी पहिलीच्या मापाने कापल्यामुळे तीही आखूड झाली. अण्णा दुपारची झोप झाली की गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि एक अक्षर न बोलता बघत. कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर कसं वाटत असेल, हे दिगंबरला त्या दिवसांत कळलं.

"पन्हळ छान झाली," शेवटी अण्णा म्हणाले. त्यांनी त्या वस्तूला पहिल्यापासून पन्हळच म्हटलं होतं, आणि खरं सांगायचं तर दिसायलाही ती कौलाखालची पन्हळच दिसत होती.

इथवर सगळं ठीक होतं. एका संध्याकाळी सुमेधा ओट्याशी नारळाच्या वड्या थापत होती. तिने आधी ताटाला तुपाचा हात फिरवला, मग सारण ओतलं. गार झाल्यावर सुरीने कापलेल्या वड्या ताटातून अशा अलगद सुटल्या की दिगंबर बघतच राहिला. त्याला एका बाबीची काळजी लागून राहिली होती. प्लायवूड खरखरीत असतं. रेती त्याला चिकटून राहिली, तर पाण्याचा वेग कमी होणार आणि सगळं गणित फिसकटणार. घर्षण कमी करायला हवं होतं.

"तूप लावलं तर?" तो म्हणाला.

"कशाला?"

"पन्हळीला. म्हणजे रेती घसरून जाईल."

"मग सोनंही घसरेल की."

"सोनं जड असतं गं."

"वड्याही जड असतात," सुमेधा म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

दिगंबर एम.एस. झालेला होता आणि सुमेधा वड्या करत होती, त्यामुळे युक्तिवाद तिथेच संपला. घरच्या लोण्याचं कढवलेलं तूप त्याने फळीला लावलं, कडांना लावलं, पट्ट्यांना लावलं. मन भरेना म्हणून वरून आणखी एक हात फिरवला. अण्णा दारातून म्हणाले, "इथे तूप स्वस्त दिसतंय."

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सगळे गोल्डव्हेनजवळच्या ओढ्यावर गेले. झाडं पिवळी-तांबडी व्हायला लागली होती आणि पाणी बर्फासारखं गार होतं. अण्णा स्वेटर आणि कानटोपी घालून घडीच्या खुर्चीत बसले. सुमेधाने पुऱ्या-भाजीचे डबे काठावर मांडले. प्रतापने त्याचं चकचकीत खोकं पाण्यात टेकवलं, दोन दगड लावले आणि दोन मिनिटांत रेती घालायला सुरुवात केली. दिगंबरने खिशातून उतार तपासायची लेव्हल काढली.

उतार जुळायला बराच वेळ लागला, पण जुळला. पन्हळीतून पाणी जायला लागलं, अगदी एकसारखं, ठरवलेल्या वेगाने. दिगंबर गुडघाभर पाण्यात उभा राहून बघत होता. त्याने काढलेला उतार पहिल्यांदाच पाण्याने त्याच्या डोळ्यांसमोर मान्य केला होता. त्याला अण्णांना हाक मारावीशी वाटली, पण पाणी उताराकडे वाहतं हे दाखवायला सासऱ्याला बोलावणं त्याला बरं वाटलं नाही.

त्याने रेती घातली. रेती सुंदर घसरली. खडे घसरले. काळी जड माती, जिच्यातच सोनं असतं असं त्याने आणलेल्या सोनं गाळण्याच्या पुस्तकात लिहिलं होतं, तीही एखाद्या घसरगुंडीवरून जावी तशी पट्ट्यांवरून उड्या मारत गेली. घर्षण खरोखरच नाहीसं झालं होतं.

"जावईबापू," अण्णांनी विचारलं, "ते पांढरं पांढरं काय तरंगतंय?"

ते तूप होतं. गार पाण्यात ते थिजलं होतं आणि त्याचे गोळे गालिचाच्या लवेत गच्च बसले होते. दिगंबरने गालिचा बादलीत झटकला आणि जे पडलं ते तसराळ्यात घेऊन, पुस्तकात दाखवल्याप्रमाणे, हलके हलके पाण्याबरोबर फिरवायला लागला. आणि त्याला सोनं दिसलं. पिवळी, पिठासारखी बारीक धूळ. पण ती तळाशी नव्हती, पाण्याच्या वर होती. तुपकट झालेले कण पाण्याच्या पृष्ठभागावर सायीसारखे पसरले होते. पाण्यावर सुई तरंगण्याचा प्रयोग दिगंबरने अकरावीत केला होता आणि त्याला त्यात पैकीच्या पैकी मार्क होते. त्याने घाईने तसराळं सरळ केलं. त्या घाईतच कडेवरून एक लाट गेली आणि तिच्याबरोबर सोनं गेलं.

"अण्णा, होतं," तो म्हणाला.

"काय?"

"सोनं. आत्ता होतं."

"मग कुठे गेलं?"

"तरंगत गेलं."

"सोनं तरंगलं," अण्णा सावकाश म्हणाले. तीस वर्षं साक्षीदारांकडे ज्या नजरेने बघितलं होतं, त्या नजरेने त्यांनी जावयाकडे बघितलं. मग सुमेधाकडे वळून म्हणाले, "सुमे, ह्यांना आधी जेवायला वाढ."

 परत आल्यावर हर्नडनला उतरताना प्रतापने खिडकीशी येऊन हळूच सांगितलं, "दिगू, मला आज मिळालंय बरंच. चिमूटभर घे यार. तुझ्या पन्हळीतलं म्हणून सांग. माणसांचं पोट फाडलं तरी मी त्यांना कळू देत नाही, हे काय कळतंय."

दिगंबरने मिनिटभर विचार केला. मिनिटभर केला हे त्याने पुढे कित्येक दिवस स्वतःला ऐकवलं. मग तो म्हणाला, "नको. पाइप दिसत नव्हता तरी माझा होता."

दुसऱ्या दिवशी त्याने ड्राइव्ह-वेवर पन्हळ उभी केली आणि भांड्यांचा साबण आणि कढत पाणी घेऊन घासायला बसला. समोरच्या घरातली बाई कुत्रा फिरवता फिरवता थांबली आणि फेसाकडे बघून पुढे गेली. दिगंबरने पट्ट्या दाताच्या ब्रशने घासल्या. तुपकट गालिचा फेकून दिला आणि पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटाच्या तळच्या गालिचाचा तुकडा कापून त्या जागी बसवला. आठवड्यात मध्येच त्याने ऑफिसला पोट बिघडल्याचं कळवलं आणि एकटा ओढ्यावर गेला.

त्या दिवशी रेती अडत होती. पट्ट्यांमागे काळी माती साचत होती. बोटं बधिर झाली, बूट आतून भिजले, डब्यातली पोळी खायची राहून गेली. उन्हं झाडांमागे गेल्यावर त्याने तसराळं फिरवलं, आणि काळ्या मातीच्या कडेला, तळाशी, हलवलं तरी न हलणारी पिवळी ओळ राहिली. एखाद्या वडीवरून खसखस सांडावी, एवढीच. दिगंबर ओल्या दगडावर बसला. प्रतापला जे दोन तासांत मिळतं ते मिळवायला त्याला जवळजवळ महिना, एक करवत आणि अर्धी बरणी तूप लागलं होतं, हे त्याला माहीत होतं. तरीही त्याने तिथेच बसून तीनदा तसराळं तिरपं करून बघितलं. ओळ जागची हलत नव्हती.

घरी कोणाला सांगितलं नाही. फक्त सुमेधाला दाखवलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, खरंच आहे की." तिचा आवाज ऐकून दिगंबरला कळलं की तिचाही विश्वास नव्हता.

"अण्णांना आत्ता सांगू नकोस," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर त्यांच्या हातावर ठेवीन. बोललो होतो ना."

नाट्य करण्याचा हा मोह त्याला नसता झाला, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मंडळाचा दसरा एका शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये होता. आपट्याऐवजी सुमेधाने अंगणातल्या रेडबडच्या झाडाची पानं टोपलीत आणली होती. आकार साधारण जुळतो, आणि परदेशात सोन्याच्या आकाराबद्दल कोणी फार बोलत नाही. टेबलावर देवीची तसबीर मांडली होती. कुपीत सोनं नीट दिसत नाही, म्हणून दिगंबरने ते चांदीच्या वाटीत थोड्या पाण्यात ओतलं आणि वाटी देवीपुढे ठेवली. आरतीनंतर घोषणा करायची, अण्णांना पुढे बोलवायचं, वाटी त्यांच्या हातात द्यायची, असं त्याने ठरवलं होतं. दोन वाक्यंही पाठ केली होती.

आरती जोरात झाली. कापराचा धूर झाला, म्हणून अण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला. आरती संपली आणि वयाने सर्वांत मोठे म्हणून लोकांनी अण्णांनाच आधी वाट करून दिली. दिगंबर टाळ खाली ठेवून पुढे सरकत होता, तेवढ्यात अण्णांनी देवीला नमस्कार केला, चांदीची वाटी उचलली, पळी शोधली, सापडली नाही, म्हणून सरळ उजव्या तळहातावर पाणी ओतलं. वाटीच्या तळाशी राहिलेलंही झटकून घेतलं. तीर्थ थेंबभरही वाया घालवायचं नाही, असं वाईत शिकवतात. ते सगळं ते प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

दिगंबरच्या दोन्ही वाक्यांचा आता उपयोग उरला नव्हता.

"हं," अण्णा चष्मा चढवत म्हणाले. "दसरा आला जावईबापू. ते सोनं कुठे आहे?"

 सुमेधाने वाटीकडे बोट केलं आणि झालेला प्रकार सांगितला. अण्णांनी रिकाम्या वाटीत बघितलं. मग तळहात बघितला. तिथे, रेषांच्या खाचेत, एक कण चिकटून राहिला होता. त्यांनी हात उजेडात धरला.

"डॉक्टर," त्यांनी प्रतापला विचारलं, "ह्याने काही होतं का?"

"काही नाही काका. वैद्य लोक ह्याचे पैसे घेतात."

अण्णांनी बराच वेळ तो कण निरखला. इतक्या बारकाईने त्यांनी पार्किंग लॉटमधल्या जाळीतही बघितलं नव्हतं.

"तीस वर्षं मुद्देमाल सांभाळला," ते म्हणाले. "एक खिळा हरवू दिला नाही. आणि आज हा प्यायलो." मग टोपलीतलं रेडबडचं एक पान उचलून त्यांनी दिगंबरच्या हातावर ठेवलं. "आता नाकारणार कसं? सोनं तुमचं होतं. मान्य."

दिगंबरने वाकून नमस्कार केला. वाकताना त्याच्या मनात आलं की त्याने बांधलेल्या गटारातून काहीतरी शेवटी कोणापर्यंत तरी पोचलं. त्याच वेळी अण्णा त्याच्या डोक्यावरून प्रतापला विचारत होते, "उद्या सकाळी ते परत मिळण्याची काही शक्यता?"

"आहे ना काका," प्रताप म्हणाला. "दिगूकडे पन्हळ आहेच."