जुन्या वस्तीतला माझा बूथ

शिक्षकाच्या गळ्यात बीएलओचं काम पडलं, म्हणजे घरोघरी जाऊन मतदारयादी तपासायचं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते चपलेला चिकटून घरी येतात! त्यात माझा बूथ यवतमाळच्या जुन्या वस्तीतला.

पहिल्याच दारात एक आजोबा. "आपला मतदारसंघ आंधी नुसता यवतमाळ होता. हे वाशीम काहून जोडलं?"

म्हटलं, "काका, पुनर्रचना झाली. त्यालाही लय वर्षं झाली."

"लगन लावून दिलं, अन् आमाले पत्रिकाही नाही!" दार बंद.

*

शेजारची सून उमरखेडची. मी बसलेलो असतानाच तिच्या आईचा फोन आला. मास्तर आलेत कळताच बाई स्पीकरवरूनच सुरू झाल्या, "आमचा जिल्हा यवतमाळ, अन् खासदार हिंगोलीचा! मग पाण्याचं गाऱ्हाणं सांगावं कोणाला?"

सून शांतपणे म्हणाली, "आई, सरच ऐकून राह्यले ना!"

अहो, मी गणित शिकवतो!

*

पलीकडचा बूथ आमच्या राठोड मॅडमचा. एका उमेदवाराच्या कार्यकर्त्यानं त्यांना गल्लीतच गाठलं. "मॅडम, इथं कोनत्या समाजाचे किती?"

मॅडम तोंड उघडणार, तोच हंडा घेतलेली एक ताई कडाडली, "साऱ्या गल्लीले बोअर एकच, अन् तेही बंद! त्या बोअरचा समाज कोनता, ते लिहा आंधी!"

*

एका घरात नवऱ्याचं मतदान एका शाळेत, बायकोचं दुसऱ्या. नवरा माझ्यावरच उखडला, "हे काय लावलं? दुरुस्त करा!"

आतून आवाज आला, "सर, काही करू नका. पाच वर्षांतून एक रस्ता त मी एकटी चालतो!"

*

आणि नामदेवराव. त्याच नावाचा दुसरा माणूस वारला आणि नाव यांचं कापलं गेलं. म्हातारा रडकुंडीला आला. "जिता हावो न मी!"

जिवंत असल्याची साक्ष शेजाऱ्याची हवी. शेजारी गुलाबराव. पक्ष वेगळा, बांधावरून नव्हे तर झेंड्यावरून भांडण, कित्येक वर्षांचा अबोला. नामदेवरावांना सोबत घेऊन मी घाबरतच त्यांचं दार वाजवलं.

गुलाबराव चष्मा लावून बाहेर आले. नामदेवरावांकडे पाहिलंही नाही. मुकाट्यानं सही केली.

"जिता हाये. नाव ठेवाच त्याचं."

मी चाट! "काका, पण त्यांचं मत तर तुमच्या विरोधात जाणार!"

"मंग? हा नसला, त मी कोनाच्या विरोधात टाकू?"