उन्हात गडद होणारा रंग

माझी धाकटी जाऊ म्हणजे तोंडाचा पट्टा. सुरू झाला की थांबायचं नाव नाही, म्हणून सगळे तिला रेडिओच म्हणायचे. आमचं घर रंगाऱ्यांचं. खाली रंगाचे हौद, वर राहायच्या खोल्या. भिजलेलं जड कापड काठीवर उचलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आधी तिचं पोट दुखायला लागलं. गडाबडा लोळायची बिचारी! तपासण्यांत काही सापडेना. लघवी लालसर व्हायला लागली, तर आम्ही हसलो. आमची नखं निळी, शिंकलं तर रुमाल हिरवा. लघवी लाल झाली तर नवल ते काय? मग तिचे दंड वर उचलेनात. वेणी घालायची तर मी घालायची. भिंतीवर माणसं दिसतात म्हणाली, तेव्हा सासूबाई फणकारल्या, "कामाच्या नावाने थेरं नुसती!"

दवाखान्यात नेलं तोवर हातपाय लुळे पडले होते आणि आवाज गेला होता. फक्त डोळे फिरत होते. तिच्या उशाशी बसून सासूबाई दिरांना सांगत होत्या, "वेड्यांच्या इस्पितळात टाक हिला." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. श्वासही वरवरचा. माझं डोकंच फिरलं. "अहो, ऐकतेय ती! जिवंत आहे अजून!"

तपासणीला सकाळी काढलेली लघवीची बाटली खिडकीतच राहिली होती. दुपारी माझं लक्ष गेलं. सकाळचा तांबूस रंग काळपट झाला होता. आमचा रंग उन्हात विटतो, गडद होत नाही. म्हणजे हा आमचा नव्हेच!

बाटली घेऊन डॉक्टरीणबाईंकडे धावले. त्या ताडकन उठल्या. "पोर्फिरिया असणार. रक्ताचा लाल रंग शरीरात अर्धवटच बनतो आणि त्यातलं उरलेलं विष नसांवर जातं. उपासाने हे बळावतं. उपाशी ठेवलं होतंत का?"

ठेवलं होतं. पोटाला आराम म्हणून आम्हीच.

तपासणीत तेच निघालं. सलाइनमधून साखर, नवं औषध, श्वासाला यंत्र. कित्येक आठवडे गेले. घशातली नळी निघाली, तेव्हा मी कान तिच्या तोंडाशी नेला. सासूबाई पायाशी उभ्या होत्या.

"ताई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "इतकी ओरडत होते मी. एकालाही ऐकू नाही आलं?"